भास्कर कुलकर्णी: जितवारपूरचा कागद, गंजाडची भिंत

वारली चित्र आज कुठे नाही? कुर्त्यावर आहे, चहाच्या कपावर आहे, सोसायटीच्या कंपाउंडवर आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीवरही आहे. मधुबनीचंही तेच. साडीच्या पदरावर दोन डोळ्यांचा मासा दिसला की लोक लगेच 'मधुबनी' म्हणतात. या दोन्ही कला पिढ्यान् पिढ्या मुख्यतः भिंतीवर होत्या. त्या कागदावर उतरल्या तेव्हा दोन्ही ठिकाणी एकच माणूस हजर होता, आणि तो मुंबईचा मराठी चित्रकार होता. भास्कर कुलकर्णी हे नाव चित्रकारांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणी घेत नाही. मला त्याची मनापासून खंत आहे.

पण नुसत्या खंतीपोटी हे लिहीत नाही. एकच माणूस, हातात एकच साधन, म्हणजे कोरा कागद, आणि सहा-सात वर्षांच्या अंतराने दोन अगदी वेगळ्या समाजांत केलेलं एकच काम. परिणाम मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे झाले. लोककलेसाठी झटणाऱ्या माणसाने काय करावं, कुठे थांबावं आणि कशाची काळजी आधीच घ्यावी, हे शिकायला याच्याइतकं बोलकं प्रकरण मला दुसरं दिसत नाही.

दुष्काळाच्या वर्षी

१९६६ मध्ये बिहारात पावसाने पाठ फिरवली आणि पुढच्या वर्षी दुष्काळाने राज्य होरपळलं. सरकारने मातीकामं काढली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात बाया खडी फोडायला गेल्या, तशी ही कामं. पण मिथिलेतल्या, म्हणजे उत्तर बिहारातल्या मधुबनीच्या मुलखातल्या, ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बाईला उंबरा ओलांडून पाटी उचलणं रीतीत बसत नव्हतं. घरात दाणा नाही आणि बाहेर पडायची सोय नाही, अशी कोंडी. या घरांत एकच गोष्ट मुबलक होती. बाईच्या हातातलं चित्र.

ती चित्रं जगाला अगदीच अनोळखी होती असं नाही. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात मिथिलेतली घरं कोसळली आणि आतल्या खोल्यांच्या भिंती उघड्यावर आल्या. त्या वेळी तिथे नेमणुकीवर असलेल्या डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला पडझड पाहताना ती चित्रं दिसली. त्याने पुढे त्यांची छायाचित्रं घेतली आणि १९४९ मध्ये मुंबईच्या 'मार्ग' या कलानियतकालिकात त्यावर लेख लिहिला. पाटण्यात उपेंद्र महारथी यांनीही या कलेची बाजू उचलून धरली होती. तेव्हा कुलकर्णींनी मधुबनी 'शोधली' असं म्हणणं चूक आहे. चित्रं होती, ती काढणाऱ्या होत्या, त्यांच्याबद्दल छापूनही आलं होतं. फक्त त्या चित्रांच्या बदल्यात बाईच्या हातात पैसा कधी पडला नव्हता.

हातमाग आणि हस्तकलेच्या क्षेत्राची सूत्रं तेव्हा पुपुल जयकर यांच्याकडे होती. त्यांनी भास्कर कुलकर्णींना मिथिलेत धाडलं. कुलकर्णी हातमागासाठीच्या सरकारी विणकर सेवा केंद्राशी जोडलेले होते. या केंद्रांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. प्रभाकर बरवे, के. जी. सुब्रह्मण्यन, अंबादास, गौतम वाघेला असे चित्रकार त्या काळी तिथे पगारी नोकरीत होते. आधुनिक चित्रकार सकाळी मागावर बसलेल्या विणकराशी बोलायचा आणि संध्याकाळी स्वतःचा कॅनव्हास रंगवायचा. परंपरेतून आलेल्या हाताकडे बरोबरीच्या नात्याने पाहायची सवय या मंडळींना तिथेच लागली असावी.

कागद घेऊन आलेला माणूस

कुलकर्णी मधुबनीजवळच्या जितवारपूर आणि रांटी या गावांत गेले. सोबत हातकागद. सांगणं इतकंच, की भिंतीवर जे काढता तेच यावर काढा, आम्ही विकत घेऊ.

हे ऐकायला सोपं वाटतं. परक्या प्रांतातला एकटा पुरुष अशा घरांत गेला होता, जिथे सुना डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हत्या. आणि तो मागत होता ते कोहबरमधलं चित्र. कोहबर म्हणजे नवऱ्या-नवरीची खोली. तिच्या भिंतीवर कमळवेलीच्या गोल पानांमधून वर गेलेला बांबू, मासे, कासव, पोपट, चंद्र-सूर्य काढतात. वंश वाढावा म्हणून केलेली ती प्रार्थनाच. शेणमातीने सारवलेल्या जमिनीवर अरिपन काढायचं ते तांदळाच्या पिठाने, आपल्या रांगोळीसारखं. ही चित्रं सणाला, लग्नाला, मुंजीला काढायची असतात. ती विकायची म्हणजे काय, असा प्रश्न त्या घरांत उठला नसता तरच नवल.

कागद अगदी परका नव्हता, याचा उपयोग झाला असेल. लग्नाच्या बोलणीत सिंदूर कागदात बांधून पाठवायची रीत तिथे होती आणि त्या कागदावर कोहबर काढलेला असे. म्हणजे चित्र कागदावर येऊ शकतं हे बायांना ठाऊक होतं. त्यावर पोट भरू शकतं, हे नवं होतं.

आधी मोजक्याच घरांतून होकार आला, मग रीघ लागली. जगदंबा देवी आणि सीता देवी जितवारपूरच्या, महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी रांटीच्या, गंगा देवी रसीदपूरच्या. प्रत्येकीचा हात वेगळा. सीता देवींची भरनी: जाड काळी बाह्यरेषा आणि आत ठसठशीत लाल, पिवळा, हिरवा. गंगा देवींची कचनी: रंग जवळपास नाहीच, बारीक बोरूने एकावर एक टाकलेल्या रेघांचं विणकाम. ब्राह्मण घरं भरनीची आणि कायस्थ घरं कचनीची, अशी ढोबळ वाटणी होती. भिंतीवर हा वेगळेपणा घराण्याच्या किंवा गावाच्या खाती जमा व्हायचा. कागदावर तो त्या बाईच्या नावावर लागला.

या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते. भिंतीवरच्या चित्राला नाव लागत नाही. पैसे द्यायचे झाले की कुणाला दिले ते लिहावं लागतं. खरेदीच्या त्या साध्या व्यवहारातून 'अमक्याची सून', 'तमक्याची आई' अशी ओळख असलेल्या बायका स्वतःच्या नावाने उभ्या राहिल्या. जगदंबा देवींना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना १९८१ मध्ये, गंगा देवींना १९८४ मध्ये. पुढे महासुंदरी देवी, बउआ देवी आणि गोदावरी दत्त यांनाही.

दुसरी गोष्ट, कुलकर्णींनी नमुने दिले नाहीत. स्वतः चित्रकार असलेल्या माणसाला हे किती अवघड आहे ते कलाशिक्षकांना विचारा. समोरच्याची रेघ जरा वाकडी गेली की आपला हात शिवशिवतो. हस्तकलेच्या सरकारी योजनांत तर नेमकं उलट चालतं. शहरातून डिझाइन येतं आणि गावातले हात ते गिरवतात. इथे हातालाही पैसे मिळाले आणि डोक्यालाही. म्हणूनच गंगा देवी पुढे कोहबराच्या पार गेल्या. त्यांनी बाईच्या जन्मापासूनचं आयुष्य मालिकेत मांडलं, १९८५ च्या भारत महोत्सवासाठी अमेरिकेला गेल्या तेव्हा तिथला रोलर कोस्टर रंगवला, आणि कॅन्सरने गाठल्यावर स्वतःचं आजारपणही त्याच बारीक रेघेत उतरवलं. आयत्या नमुन्यांवर वाढलेल्या हाताकडून हे झालं नसतं.

पाठोपाठ आलेला बाजार

कागद हलका, गुंडाळी करून दिल्लीला नेता येतो. मग व्यापारी आले. त्यांना रामायणातले ठरावीक प्रसंग हवे होते, तेही झटपट आणि शेकड्याने. भाव पाडले गेले आणि रेघ घाईची झाली. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रेमंड ओवेन्स तिथे राहिले होते, त्यांना हे दिसलं. त्यांनी सावकाश केलेल्या चांगल्या कामाला चांगला भाव द्यायचा आणि अमेरिकेत विक्री झाल्यावर नफ्यातला वाटा पुन्हा चित्रकर्तीला पाठवायचा असा पायंडा पाडला. त्यासाठी १९८० मध्ये एथनिक आर्ट्स फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. कुलकर्णींनी दार उघडलं, पण दारातून आत कोण येणार यावर पहारा नव्हता. तो ओवेन्ससारख्यांना नंतर बसवावा लागला.

दार उघडल्याचा एक परिणाम मात्र कुणी योजलेला नव्हता. पहिला कागद सवर्ण घरांत गेला होता. शेजारच्या वस्तीतल्या दलित बायांनी तो पाहिला आणि त्या स्वतःचं काही घेऊन पुढे आल्या. कोहबर त्यांचा नव्हता, पण अंगावरचं गोंदण त्यांचं होतं. चानो देवींनी गोंदणाच्या आकृत्या कागदावर आणल्या आणि 'गोदना' ही तिसरी शैली रूढ झाली. जमुना देवींनी कागदाला शेणाचं पाणी लावून भिंतीचा रंगच त्यात आणला. पुढे तो लेप सवर्ण चित्रकर्तींनीही उचलला. महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवींच्या घरी कामाला असलेल्या, मल्लाह समाजातल्या दुलारी देवी पाहता पाहता चित्रं शिकल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उंबरठ्यातून बाहेर पडता येत नाही म्हणून ज्या बायांकडे कागद गेला, त्यांच्याच घरातून तो केर काढणाऱ्या बाईच्या हाती पोचला. मिथिलेची हकीकत वाचताना मी इथे हमखास थबकतो.

गंजाड

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुलकर्णी डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांवर आले. डहाणू रोड स्टेशन चर्चगेटपासून जेमतेम सव्वाशे किलोमीटर. रोज हजारो मुंबईकर या मार्गाने गुजरातेत जायचे आणि खिडकीतून दिसणाऱ्या कुडाच्या भिंतींच्या आत काय आहे हे कुणाच्या गावी नव्हतं. वारल्यांची ओळख होती ती १९४५ च्या उठावामुळे. वेठबिगारी आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली याच पट्ट्यात ते उभे ठाकले होते. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत जोडप्याने त्याच्याकडे राबायचं, ही लग्नगड्याची रीत. ज्या लग्नापायी माणूस आयुष्याचा गुलाम व्हायचा, त्याच लग्नाच्या भिंतीवर वारल्यांचं सर्वांत पवित्र चित्र उमटतं, हे लक्षात ठेवायला हवं.

ते चित्र म्हणजे लग्नचौक. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. सुवासिनी चौक काढतात, धवलेरी ही पुरोहित बाई गाणी म्हणते. लग्न लावणारी पुरोहित बाईच, हे मिथिलेतही नाही. चौकटीच्या आत पालघाट देवी असते, सृजनाची. बाजूला घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, आणि सूर्य, चंद्र, फणी, शिडी. पालघाट आल्याशिवाय लग्न लागत नाही.

मिथिलेत कोहबर काढणाऱ्या बाईनेच कागद घेतला. डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावी मात्र कागदावर बसला तो एक पुरुष, जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेल्यावर त्याचं बोलणंच थांबलं होतं आणि तो धुळीत रेघा ओढत बसायचा. सणा-लग्नाची वाट न पाहता, विधीची गरज नसताना, रोज चित्र काढणारा माणूस. पाड्यावर तो वेगळाच होता. कुलकर्णींना त्याची रेघ दिसली आणि त्यांनी त्याच्या हाती कागद आणि रंग दिले.

जिव्याने विधीच्या चौकटीतून चित्र मोकळं केलं. देवी मागे राहिली आणि पाडा पुढे आला. तारपा या फुंकवाद्याभोवती वळत जाणारी नाचाची वाटोळी साखळी, मासे धरायचं भलंमोठं जाळं, भाताची लावणी, मुंग्यांची रांग, पुढे आगगाडीसुद्धा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस आणि एका बारीक रेघेत त्याची चाल. १९७५ मध्ये मुंबईत जहांगीरमधल्या गॅलरी केमोल्डमध्ये त्याचं प्रदर्शन झालं, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कामासोबत त्याचं काम मांडलं गेलं. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. मात्र सत्तरच्या दशकात सन्मानाबरोबर कबूल झालेला जमिनीचा तुकडा हाती यायला त्याला तीस वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली.

बायका कुठे गेल्या?

मिथिलेतल्या मोठ्या चित्रकर्तींची नावं वर सहज लिहिता आली. वारलीत तशी यादी करायला बसलं की म्हसे, त्यांची मुलं सदाशिव आणि बाळू, आणि मग बहुतेक पुरुषांचीच नावं येत राहतात. ज्या कलेत भिंत पूर्णपणे सुवासिनींची होती, तिचा कागद पुरुषांचा झाला.

असं का झालं याचं माझं उत्तर असं आहे. मिथिलेतली बाई घरात अडकलेली होती म्हणून कागद तिच्या दारात न्यावा लागला. ती बाहेर जात नव्हती, म्हणून घरातल्या घरात होणारं काम तिच्याच वाट्याला आलं. वारली बाई तशी अडकलेली नव्हती. ती शेतावर, रानात, वीटभट्टीवर मजुरीला जायची, घरी येऊन पाणी भरायची, भाकरी करायची. तिच्या दिवसात कागदापुढे बसायला रिकामा तास नव्हता. पुन्हा, तिच्या चित्राचं बळ विधीत होतं. लग्नच नाही तर पालघाट कशाला बोलवायची? जिव्याचं चित्र विधीला बांधलेलं नव्हतं, म्हणून ते सहज प्रवासाला निघालं. मुंबईला गाडीने जायचं, हॉटेलात राहायचं, साहेबांशी बोलायचं, या गोष्टीही पुरुषाला सोप्या होत्या.

यात कुलकर्णींचा दोष किती? मी त्यांना दोष देणार नाही, कारण जिव्यासारखी रेघ समोर आली तर कोणीही तिच्यामागे जाईल. आणि जिव्या मोठा चित्रकार होताच, त्याचं मोठेपण कुणाकडून हिसकावलेलं नाही. पण आज कुणी एखादी लोककला हाताशी धरणार असेल तर त्याने पहिल्या दिवशी हा प्रश्न स्वतःला विचारावा: कागद मी ठेवतोय, पण त्यापुढे बसायला सवड कुणाला आहे? ज्यांची कला आहे त्यांना ती सवड मिळावी म्हणून मी काय करणार आहे? पाणी भरायचे दोन तास वाचवणं हेही कलेचं काम असू शकतं. आता वारली मुली आणि सुना कागदावर, कापडावर काढू लागल्या आहेत, पाड्यांवरच्या कार्यशाळांत दिसतात. पण मधली चाळीस वर्षं गेली ती गेलीच.

त्या माणसाचं काय झालं

कुलकर्णी सरकारी पाहुण्यासारखे आले आणि गेले असं झालं नाही. ते या दोन प्रदेशांत गुंतत गेले. शहरातली चित्रकाराची कारकीर्द, स्वतःची प्रदर्शनं, स्वतःचं नाव हे सगळं मागे पडलं. १९८३ मध्ये दरभंग्यात, मिथिलेच्याच मातीत, त्यांचा अंत झाला. २०१८ च्या मे महिन्यात जिव्या म्हसे गेले तेव्हा शासकीय इतमामात त्यांना निरोप दिला गेला. कुलकर्णींच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. माझी तक्रार सन्मानाची नाही. सन्मान चित्रकर्त्यांना मिळाला हेच योग्य झालं, आणि कुलकर्णींनाही तेच रुचलं असतं असं मला वाटतं. तक्रार ही आहे की मराठीत कलाशिक्षण घेणाऱ्या मुलाला वारली चित्र कसं काढायचं ते शिकवतात, दोन त्रिकोण, चार रेघा. ते भिंतीवरून कागदावर कसं आलं, कुणी आणलं, त्यात कोण मागे राहिलं, हे त्याला कुणी सांगत नाही.

कागदाने या कलांना टिकवलं असं आपण म्हणतो, तेव्हा एक घटना आठवावी. गंगा देवींनी शेवटच्या आजारात दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक पूर्ण कोहबर घर रंगवलं. १९९१ मध्ये त्या गेल्या. २०१५ मध्ये संग्रहालयाच्या नूतनीकरणात ती खोलीच पाडली गेली. मिथिलेतल्या मातीच्या घरातला कोहबर दुसऱ्या वर्षी सारवला जातो, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि पुढच्या लग्नात तो पुन्हा येतो. देशाच्या राजधानीत जपायला म्हणून दिलेला कोहबर मात्र परत येणार नाही, कारण तो काढणारा हात राहिला नाही.

मधुबनीला २००७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वारलीला २०१४ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि गंजाड त्या जिल्ह्यात गेलं. लग्नसराईत तिथल्या पाड्यांवर आजही गेरूची भिंत सारवली जाते. सुवासिनी पीठ कालवतात, काडीचं टोक चावतात, धवलेरी गाणं सुरू करते आणि चौकाची पहिली रेघ ओढली जाते. त्या चित्राखाली आजही कुणी सही करत नाही.